हात न लावणारे अप्पा

चांगल्या माणसांचा मला राग येतो असं मी म्हटलं की आमच्या घरातले हसतात. हसू देत. ते बिदरला अप्पांच्या घरात भाड्यानं राहिलेले नाहीत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. चार शब्द आपण बोलतो, चार तो बोलतो, आणि दोघंही मोकळे होतो. अप्पांशी भांडून मी कधीच मोकळी झाले नाही. इतकी वर्षं झाली, अजून ते भांडण माझ्या डोक्यात चालूच आहे.

लग्न होऊन मी बिदरला आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमचे हे तिथं शाळेत मराठीचे मास्तर होते. अंगणाच्या एका बाजूला आमच्या दोन खोल्या आणि दुसऱ्या बाजूला घरमालकांचं घर. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणत असू. गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल, अंगात जाडी बंडी. बाजारात त्यांचं दोरांचं दुकान होतं, कासरे, नाडे, सोल, चऱ्हाटं. घरात कानडी, आमच्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी जी लागेल ती भाषा. मूलबाळ नव्हतं. बायको, जिला सगळे अक्का म्हणत, ती आम्ही येण्याआधीच तापानं गेली होती. आपली भाकरी आपण थापून खाणारा एकटा माणूस.

अप्पांच्या घराला कुलूप नव्हतं. म्हणजे हरवलं होतं असं नाही, ते घरात कधी आणलंच नव्हतं. दुकानालाही संध्याकाळी नुसती कडी लावून यायचे. "कुलूप घालायचं म्हंजे शेजाऱ्याला चोर म्हनायचं," असं त्यांचं म्हणणं. मी आमच्या दाराला कुलूप घालून देवळाला निघाले की ते बिचारे खाली मान घालून बसत, जणू मी त्यांनाच काही बोलले.

इथपर्यंत ठीक होतं. असतात अशी माणसं. पण याची दुसरी बाजू होती, आणि तिच्यामुळंच माझं डोकं फिरायचं. दुसऱ्याच्या वस्तूला अप्पा हात लावत नसत. "हात लागला की हक लागतो, बाई," असं म्हणायचे. तेही माझ्याकडे न बघता. परक्या बाईशी बोलताना ते भिंतीकडे तोंड करून बोलत. मी कितीतरी दिवस त्यांची पाठच ओळखत होते.

एकदा मी बाजारात गेले असताना पाऊस आला आणि दोरीवरचं माझं लुगडं अंगणात पडलं. परत येऊन बघते तर अप्पा त्या लुगड्यावर छत्री धरून उभे! स्वतः चिंब. आणि लुगडंही चिंब, कारण अंगणातलं पाणी खालून येत होतं.

"उचलायचं की हो अप्पा!"

"तुमचं लुगडं, बाई. मी कसं उचलू?"

दुसऱ्यांदा दूध. अंगणातल्या चुलीवर मी दूध ठेवलं आणि आत पीठ मळत बसले. बाहेरून अप्पांची हाक आली, "बाई! दूध उतू जायलंय बगा! बाई, जायलंय!" मी पिठाच्या हातानं धावत आले. अप्पा चुलीपाशी उकिडवे बसले होते, हातात फडकंसुद्धा होतं. भांडं उतरवायला लागतं ते सगळं होतं. नव्हता फक्त त्यांचा हक. अर्धं दूध राखेत गेलं आणि ते माझ्याइतकेच हळहळले. ते हळहळले नसते तर मला इतका राग आला नसता.

आता तळघराचं सांगते. आमच्या स्वयंपाकघरामागून पायऱ्या उतरल्या की खाली लाल दगडात कोरलेलं तळघर होतं. उन्हाळ्यात दुपारी तिथं पाठ टेकली की उठू नये असं वाटे. एका बाजूला फळ्यांवर माझी ज्वारीची पोती असत, माहेरहून, चिंताकीहून गाडीनं आलेली. दुसऱ्या बाजूला अप्पांच्या दोरांची वेटोळी. आणि पार मागच्या कोपऱ्यात एक मोठी शिसवी पेटी, तिला मुठीएवढं पितळी कुलूप. आमच्या दाराचं सोडलं तर बिनकुलपाच्या त्या घरातलं एकुलतं एक.

ती पेटी शेजारच्या बीबींची. बीबींना तेव्हा मी पाहिलं नव्हतं, ऐकलं तेवढंच. त्यांचे यजमान जुन्या सरकारात मुन्शी होते, ते आधीच वारले होते. पोलीस ॲक्शनच्या त्या भाद्रपदात गल्लीतली काही घरं फुटली तेव्हा बीबी लेकीला घेऊन हैदराबादला भावाकडे गेल्या, आणि जाताना ही पेटी अप्पांच्या घरी ठेवून गेल्या. आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की गल्लीला सोनंच दिसतं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस लागून राहिला. माळवदावरून पाणी ठिबकलं, भिंतींना ओल आली, पण तळघर कोरडं. मग पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, मी निश्चिंतपणे ज्वारी काढायला खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवरून माझा पाय गुडघाभर पाण्यात गेला. उघडीप झाल्यावर तळघर भरलं हे इतर गावच्या लोकांना खरं वाटत नाही. बिदरचा दगडच भोकाभोकांचा. वरचं सगळं पाणी पिऊन घेतो आणि मागाहून सावकाश सोडतो. भिंतीतून बारीक धारा येत होत्या आणि माझी खालची पोती बुडाली होती.

मी ओरडले. हे शाळेत होते. अप्पा धावत आले, आणि एरवी पायरीवर खाकरून उभा राहणारा माणूस धोतरासकट पाण्यात उतरला. मला वाटलं, आला बाई मदतीला. ते माझ्या पोत्यांवरून सरळ पुढं गेले.

"बीबींची पेटी! अय्यो शिवने, बीबींची पेटी!"

रस्त्यानं मैलूरचे हमाल चालले होते त्यांना हाक घातली. दुकानातला चांगल्यातला चांगला दोर आणून पेटीला वेढे दिले आणि पायऱ्यांवरून ती वर ओढून घेतली. ओढताना पेटीच्या सांध्यांतून पाणी गळत होतं. माझी पोती त्यानंतर आली. ज्वारी माझ्या बापाची, भाडं आमचं, आणि पहिला मान परगावच्या पेटीला! मी तोंडाला येईल ते बोलले. अप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, "तुमी हाव की हितं बगायला. त्या न्हाईत."

पाणी उपसायचं म्हणून मी शेजारच्या बायकांना गोळा केलं, घागरी हातोहात वर यायला लागल्या, तर अप्पा सगळं पाणी एका दमात काढू देईनात. "दगडात पानी भरलंय. आतलं सगळं काढलाव तर भित आत यील. थोडं आज, थोडं उद्या." यात ते बरोबर होते असं नंतर गवंड्यानं सांगितलं. तेव्हाही मला रागच आला.

मग आमचं वाळवण सुरू झालं. ज्वारी माळवदावर पसरून मी दिवसभर पायानं फिरवत होते. खालच्या पोत्यांना मोड आले होते, ती शेजारच्यांच्या म्हशीला घातली. तळघर रिकामं झाल्यावर राख टाकली, चुन्याचा हात दिला, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली. तो ओला कुबट वास तरी संक्रांतीपर्यंत आमच्या भाकरीलासुद्धा येत होता.

आणि अंगणाच्या मधोमध ती पेटी. बंद.

"अप्पा, उघडा ती," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "आत पाणी गेलंय. कापडचोपड असंल तर कुजून जाईल."

"चावी न्हाई."

"कुलूप तोडा."

"कुलूप माझं न्हाई, बाई."

हैदराबादला दोर घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी बीबींना निरोप धाडला, पेटी भिजली, चावी घेऊन या. आणि तोवर काय केलं? पेटीची सेवा. फडक्यानं पुसली. उन्हाच्या मागं मागं तिला फिरवलं, सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला. खाली निंबाची धुरी दिली. कुलपात एरंडेलाचे थेंब सोडले. "बीबी येतील तवा चावी अडकू नये." बाहेरून ती पेटी अशी लखलखीत झाली की लग्नात रुखवतावर मांडावी. आत काय चाललं होतं ते शिवाला माहीत.

मलाही कळलं लवकरच. एके सकाळी पेटीच्या खालच्या फटीतून अंगणात ओघळ आला. लाल. मी बोट लावून पाहिलं. लाल रंग, आणि उन्हात त्यात बारीक चमक. मी बाई आहे, मला सांगावं लागलं नाही. आत सोनं नव्हतं. आत कुण्या पोरीच्या लग्नाचा जोडा होता आणि त्याचा रंग उतरून अंगणात चालला होता.

"अप्पा! हे बघा. बीबींच्या पोरीच्या लग्नाचे कपडे हायत आत."

"आसतील," ते भिंतीला म्हणाले.

एवढ्यात समोरचा भुसारी आला. रोज यायचा, पेटीभोवती फिरायचा, वास घ्यायचा. "फोडा की अप्पा. चार मानसांदेखत फोडा. कामून कुजवायलाव? आमी हाव की साक्षीला." या माणसाच्या घरून मी एकदा सत्यनारायणाच्या स्वयंपाकाला तांब्याची देग मागून आणली होती. तिच्या काठावर उर्दूत नाव कोरलेलं होतं. आमच्या ह्यांनी वाचून दाखवलं, बीबींच्या यजमानांचं नाव. असला माणूस साक्षीला! आणि माझं अन् त्याचं मत एकच पडत होतं, याचा मला आणखी संताप आला.

तो गेल्यावर मी आत गेले आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला. अप्पांनी पाहिलं आणि ते पेटीवर जाऊन बसले. मांडी घालून, पूजेला बसावं तसे.

"उठा अप्पा."

"न्हाई."

"तुमी हात लावू नका. मी लावते. पाप मला लागू दे."

"पापाचं न्हाई, बाई." आणि मग ते भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. पहिल्यांदाच. डोळे पार लाल झालेले. "त्या टायमाला तुमी न्हवताव हितं. या गल्लीत कुनी चोरी केली न्हाई. कुनीच न्हाई. जो तो म्हने, सांभाळायला नेतो. भांडी सांभाळायला, शेरडं सांभाळायला, दारं सुदिक उचकटून सांभाळायला नेली. पेट्या उघडल्या, म्हने आत काय हाय बगून ठेवतो, म्हंजे हरवायचं न्हाई. उघडलेली एक पेटी माघारी गेली न्हाई. मी बगितलंय. मग मी म्हनलं, आपुन उघडायचीच न्हाई."

"आन् कुजली तर?"

"कुजली तर कुजलेली दीन. पर तिची तिला दीन."

माझ्या हातात वरवंटा तसाच. खरं सांगते, त्या वेळी मला तो कुलपावर न घालता त्या म्हाताऱ्याच्या रुमालावर घालावासा वाटला. कुजलेलं परत दिलं की झाला हा मोकळा! पोरीनं काय घालायचं अंगावर, याचा प्रामाणिकपणा? मी हे सगळं बोलले, याहून वाईटही बोलले. ते उठले नाहीत. शाळेतून आल्यावर यांनी माझ्या हातातून वरवंटा काढून घेतला आणि मलाच समजावलं. "आगं, घरमालक हायत ते." आमच्या ह्यांना सगळ्या भांडणांत एवढंच सुचायचं.

बीबी दिवाळी उलटल्यावर आल्या. काळा बुरखा, हातात छोटं गाठोडं, बरोबर सोळा-सतरा वर्षांची लेक. अप्पांनी अंगणात चटई टाकली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बीबींनी कमरेची चावी काढली. एरंडेलानं कुलूप असं अलगद उघडलं की आवाजसुद्धा झाला नाही.

झाकण वर केलं आणि जो वास आला तो मी सांगत नाही. वर रजया होत्या, काळ्याठिक्कर, बुरशीनं एकमेकींना चिकटलेल्या. त्याखाली तांब्याची थोडी भांडी. आणि तळाशी तो जोडा. किनखाबाचा कुडता, लाल ओढणी. बीबींनी ओढणी दोन्ही हातांनी उचलली आणि ती मधून ओल्या कागदासारखी सुटली. लेकीनं एक तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"अम्मी, लाल रंग तो पूरा गया," एवढंच ती म्हणाली.

बीबी रडल्या नाहीत. अप्पांच्या पाठीकडे बघून त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "अप्पासाब, खोले काय कू नै? जोडी की चाबी थी. एक मैं ली, एक अक्का के हात में दी थी. बोली थी मैं, हर साल धूप दिखाना करके."



"मला ठाव न्हवतं," अप्पा भिंतीला म्हणाले.

"अक्का बोली नै?"

"ताप आला, आन् दोन दिसांत गेली. काय बोलती?" मग म्हणाले, "तिच्या पेटीत आसंल."

मी विचारलं, "अक्कांची पेटी कुठं हाय?"

"माझ्या खोलीत. उशाला."

"मग बघितली का न्हाई इतके दिवस?"

"तिची हाय ती," अप्पा म्हणाले. "ती गेल्यापास्नं मी उघडली न्हाई."

त्या पेटीला कुलूप नव्हतं. नुसतं झाकण! उशाशी घेऊन माणूस रोज झोपत होता आणि बायकोच्या पेटीचं झाकण उचलत नव्हता, कारण ती बायकोची. "तुमी उघडा, बाई," ते म्हणाले. मी गेले आणि उघडली. आतून वाळ्याचा वास आला. चार इरकली लुगडी, घडीवर घडी, कोरडी, नवी असल्यासारखी. वरच्याच लुगड्याच्या पदराला गाठ होती आणि गाठीत चावी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्याचाही मला राग आला, कारण रडायला मी मोकळी होते, पण बाहेर ती पोर लाल चिंधी हातात घेऊन बसली होती.

मग आम्ही तिघी बसलो. कापड गेलं होतं, पण काठांची जरतार खरी होती, काळवंडली तरी तुटली नव्हती. मी रिठे उकळले. बीबी कडेकडेनं काठ कापत होत्या, मी रिठ्याच्या पाण्यात घोळवत होते, पोर सावलीत पसरत होती. दोन दिवस आमचं हेच चाललं. जरतार पुन्हा उजळली तेव्हा बीबींनी ती बोटाला गुंडाळून पाहिली आणि म्हणाल्या, नव्या कापडावर लावू. कापड साधं असलं तरी लांबून कळत नाही.

मी न राहवून बोलले. "बीबी, तुमच्या अप्पासाहेबांनी तुमचं वाटोळं केलं आन् तुमी त्यांना एक शब्द बोलत न्हाई."

बीबी कातर खाली ठेवून म्हणाल्या, "सामनेवाले हमारी देग संभालने कू लेके गए थे. कल मैं जाके पूछी. बोले, कौन सी देग?" आणि पुन्हा कापायला लागल्या. "बेटा, पूरी गल्ली में से मेरे कू येच एक पेटी वापस मिली."

पण मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. चोरांच्या गल्लीत एक माणूस चोर नव्हता, म्हणून कुजलेली ओढणी गोड मानायची? दोन्हीकडून पोरीचाच जोडा गेला.

जाताना बीबींनी काय करावं! भावाच्या एका खोलीत पेटी ठेवायला जागा नाही म्हणून वाचलेली भांडी आणि धुऊन वाळवलेली एक रजई आत टाकली, तेच कुलूप लावलं आणि पेटी पुन्हा अप्पांच्याच हवाली केली. मी कपाळावर हात मारला. अप्पांनी त्या दोघींना स्टेशनापर्यंत पोचवलं, चार पावलं मागं राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी असताना अप्पा आले, खाकरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील. मागितली असती तर मी दिली नसती, तशी तयारीच ठेवली होती मी. त्यांनी माझ्या उंबऱ्यावर काहीतरी ठेवलं. अक्कांच्या पदरातली चावी.

"ही तुमी ठेवा, बाई. पुन्ना पानी आलं तर उघडा. मला इचारू नका." दोन पावलं गेले आणि थांबले. "मला इचारलाव तर मी न्हाईच म्हननार."

पुढं आमची बदली झाली तोवर ती चावी माझ्या डब्यात होती. दर वर्षी हस्ताच्या पावसानंतर मी पेटी उघडून रजईला ऊन दाखवत असे, आणि तेवढा वेळ अप्पा दुकानात जाऊन बसत. सामान गाडीवर चढलं त्या दिवशी आमच्या खोल्यांत नवी भाडेकरीण आली होती, कमालनगरकडची. तिची घागर हमालानं आपटली तशी ती अशी काही कडाडली की अख्खी गल्ली दारात आली. मी तिला बाजूला बोलावलं आणि चावी तिच्या हातात दिली.